एका शेतकऱ्याचा नकार: युद्ध, शांती आणि आपला विवेक



मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस सशस्त्र संघर्ष झाला. त्याआधी पहलगामला निष्पाप पर्यटकांची हत्या झाली होती. लोकांच्या मनात राग होता आणि तो राग खोटा नव्हता. १० मे रोजी शस्त्रसंधी झाली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. नुकतेच निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी दुपारच्या प्रार्थनेच्या वेळी युक्रेन आणि गाझा यांच्याबरोबर आपल्या दोन देशांचीही आठवण केली आणि शस्त्रसंधीचे स्वागत केले. त्या दिवसांत आणि त्यानंतरही मला दोन प्रश्न वारंवार विचारले गेले. पहिला प्रश्न आयांचा असतो: "फादर, माझा मुलगा सैन्यात आहे. उद्या त्याच्या हातून कुणी मेले तर ते पाप होईल का?" दुसरा तरुणांचा: "दुसरा गाल पुढे करा म्हणता, मग देशाने काय मार खात बसायचे?"

दोन्ही प्रश्न खरे आहेत. त्यांना एका वाक्यात उत्तर देणारा माणूस एकतर घाईत असतो किंवा त्याने विचार केलेला नसतो. म्हणून या आठवड्यात नेहमीपेक्षा थोडी अधिक जागा घेतो.

शुभवर्तमानापासून सुरुवात करू. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने शांती करणाऱ्यांना धन्य म्हटले (मत्तय ५:९), शत्रूवर प्रीती करायला सांगितले आणि गेथशेमाने बागेत पेत्राला तलवार म्यानात घालायला लावली (मत्तय २६:५२). हे सर्व आपल्याला पाठ आहे. पण त्याच प्रभूने रोमन शताधिपतीच्या श्रद्धेचे कौतुक केले आणि त्याला नोकरी सोडून ये असे म्हटले नाही (मत्तय ८). योहान बाप्तिस्ता याच्याकडे शिपाई आले तेव्हा त्याने त्यांना लोकांना लुबाडू नका, आपल्या पगारात समाधान माना, एवढेच बजावले (लूक ३:१४). म्हणजे शिपाई हा शिपाई असल्यामुळेच देवापासून दूर गेला, असे शुभवर्तमान कुठेही म्हणत नाही. त्याच वेळी, हिंसा हा देवाच्या राज्याचा मार्ग आहे असेही ते कुठे म्हणत नाही. ही ओढाताण ख्रिस्तसभेने दोन हजार वर्षे बाळगली आहे. पहिल्या शतकांत सैन्यात असलेले ख्रिस्ती होते आणि सैन्यात जाण्यास नकार देऊन प्राण दिलेलेही होते. उत्तर आफ्रिकेतील संत मॅक्सिमिलियन हा सन २९५ मध्ये मारला गेलेला तरुण त्यांपैकी एक. त्याचा बाप स्वतः सैनिक होता, हे विशेष.

संत ऑगस्टिन यांनी हा प्रश्न नीट मांडायला घेतला आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्याला आकार दिला. युद्ध न्याय्य ठरायचे असेल तर ते अधिकार असलेल्या सत्तेने पुकारलेले असावे, त्यामागे न्याय्य कारण असावे आणि हेतू शुद्ध असावा. सेमिनरीत हे शिकताना आम्हा विद्यार्थ्यांना तिसरी अट सर्वांत सोपी वाटायची. प्रत्यक्षात तीच सर्वांत अवघड आहे. कारण योग्य असूनही मनात सूड असेल, दुसऱ्याच्या अपमानाचा आनंद असेल, तर थॉमस यांच्या मते ते युद्ध पाप होऊन बसते.

आजच्या कॅटेकिझममध्ये (क्रमांक २३०९) या अटी अधिक कडक केल्या आहेत. आक्रमकाने केलेली हानी टिकाऊ, गंभीर आणि निश्चित असली पाहिजे. ती थांबवण्याचे इतर सर्व मार्ग निरुपयोगी ठरलेले असले पाहिजेत. यश मिळण्याची खरी शक्यता असली पाहिजे. आणि शस्त्रांमुळे होणारा अनर्थ, जो अनर्थ टाळायचा आहे त्यापेक्षा मोठा असता कामा नये. या सर्व अटी एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात. एखाददुसरी पुरत नाही. शेवटची अट वाचताना आजची शस्त्रे डोळ्यांसमोर आणा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट सांगितले की, अख्खी शहरे सरसकट उद्ध्वस्त करणे हा देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध गुन्हा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये हिरोशिमात अण्वस्त्रांचा वापरच नव्हे, तर ती बाळगणेही अनैतिक ठरवले आणि २०२० च्या आपल्या विश्वपत्रात म्हटले की, जुन्या अटींच्या आधारे एखादे युद्ध न्याय्य ठरवणे आता फार कठीण झाले आहे. दार अगदी बंद केलेले नाही. आक्रमण झालेल्या राष्ट्राला स्वतःचे रक्षण करण्याचा हक्क ख्रिस्तसभा आजही मान्य करते. पण ते दार फार अरुंद झाले आहे.

म्हणून त्या आयांना मी असे सांगतो: तुमचा मुलगा देशाचे रक्षण प्रामाणिकपणे करत असेल, निःशस्त्रांवर हात उचलत नसेल, शरण आलेल्याला मारत नसेल, तर तो शांतीचाच सेवक आहे. हे माझे मत नाही, परिषदेची शिकवण आहे. त्याच्यासाठी मिस्सा सांगा. जमल्यास समोरच्या बाजूच्या आईसाठीही एक 'नमो मरिया' म्हणा.

आता खरा अडचणीचा भाग. या अटी तपासायच्या कोणी? कॅटेकिझम म्हणते की, तो निर्णय सार्वजनिक हिताची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांचा. सामान्य माणसाकडे ना सगळी माहिती असते, ना अधिकार. म्हणून जुन्या नीतिशास्त्राने असे गृहीत धरले की, शंका असेल तर प्रजेने राज्यकर्त्यावर विश्वास ठेवावा. ठीक आहे. पण शंका नसेल तर? हे युद्ध अन्यायाचे आहे याची एखाद्याला मनोमन खात्रीच पटली असेल तर? सोळाव्या शतकातील स्पॅनिश डॉमिनिकन विचारवंत फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे: अशा माणसाने राजाची आज्ञा असली तरी लढू नये. पुस्तकात हे उत्तर चारशे वर्षे पडून होते. ते एका शेतकऱ्याने जगून दाखवले.

फ्रान्झ येगरश्टेटर

ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड हे बव्हेरियाच्या सीमेजवळचे छोटे खेडे. हिटलरचे जन्मगाव ब्राउनाऊ त्याच जिल्ह्यात आहे. या खेड्यात २० मे १९०७ रोजी एका मोलकरणीच्या पोटी फ्रान्झचा जन्म झाला. आईबाप लग्न करण्याइतकेही सुस्थितीत नव्हते. बाप पहिल्या महायुद्धात मारला गेला. पुढे आईने येगरश्टेटर नावाच्या शेतकऱ्याशी लग्न केले आणि त्याने मुलाला आपले नाव दिले. तरुणपणी फ्रान्झ लोखंडाच्या खाणीत राबला, गावात पहिली मोटारसायकल त्यानेच आणली आणि लग्नापूर्वी त्याला एक मुलगीही झाली होती. आपल्या देवळातील संतांच्या मूर्तींकडे पाहून ज्यांना वाटते की ही माणसे जन्मतःच हात जोडून आली, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

१९३६ च्या पवित्र गुरुवारी, ९ एप्रिलला, त्याचे फ्रान्झिस्का हिच्याशी लग्न झाले. नवरा-बायको लग्नानंतर रोमला गेली. शेती, गाई आणि पुढे तीन मुली. दोघे मिळून बायबल वाचत, प्रार्थना करत. नंतर तो देवळाची व्यवस्था पाहण्याचे काम करू लागला.

जानेवारी १९३८ मध्ये त्याला एक स्वप्न पडले. डोंगराला वळसा घालून एक सुंदर आगगाडी येत होती, लहानथोर सगळे तिच्याकडे धावत होते, कुणाला थांबवता येत नव्हते. मग एक आवाज म्हणाला की, ही गाडी नरकाकडे चालली आहे. दोनच महिन्यांनी हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले. १० एप्रिल १९३८ रोजी या विलीनीकरणावर मतदान घेण्यात आले. ऑस्ट्रियाच्या बिशपांनी लोकांना अनुकूल मत द्यायला सांगितले होते. सांक्ट राडेगुंडमध्ये 'नाही' असे एकच मत पडले. ते फ्रान्झचे होते. त्याला गावचा प्रमुख व्हा म्हणून विचारले गेले. त्याने ते नाकारले. मुलांसाठी मिळणारे सरकारी अनुदानही तो घेईना. शेतकरी माणूस घरात तीन लहान मुली असताना हक्काचे पैसे का सोडतो, हे आपल्या वाडीवाल्यांना सांगायला नको. ज्या हाताचा घास घ्यायचा, त्या हाताला पुढे नाही म्हणता येत नाही, हे त्याला कळले होते.

१९४० मध्ये त्याला सैन्यात बोलावले गेले. त्या वेळी तो गेला, त्याने शपथ घेतली, प्रशिक्षणही घेतले. गावप्रमुखाच्या खटपटीमुळे १९४१ मध्ये तो शेतीसाठी घरी परतला आणि तेव्हाच त्याने ठरवले की, पुन्हा बोलावणे आले तर जायचे नाही. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याचा नकार हे भित्र्या माणसाचे पळणे नव्हते किंवा एका रात्रीचा आवेशही नव्हता. तो वाचत होता, लिहीत होता, विचारत होता. रशियावरचा हल्ला हा त्याच्या दृष्टीने परक्यांची जमीन आणि संपत्ती लुटण्याचा प्रकार होता. एकाच वेळी नाझीही आणि कॅथॉलिकही असता येणार नाही, हे त्याचे सरळ गणित होते.

आणि त्याने सल्ला विचारला. नियमाप्रमाणे, ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांनाच विचारला. धर्मगुरूंनी त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. मग तो लिंझला बिशप योसेफ फ्लीसर यांच्याकडे गेला. बिशपांनी त्याला सांगितले की, बायकामुलांची जबाबदारी पाहा. सरकारच्या युद्धाचा न्याय करणे हे सामान्य नागरिकाचे काम नाही. फ्रान्झिस्का शेजारच्या खोलीत थांबली होती. तिने पुढे सांगितले की, तो खिन्न होऊन बाहेर आला; हा माणूस गुप्तहेर तर नसेल, अशी बिशपांना भीती वाटली असावी, असे त्याला वाटले.

धर्मगुरू म्हणून हा परिच्छेद लिहिणे सोपे नाही. बिशपांचा युक्तिवाद वरवर पाहता चुकीचा नव्हता. मघाशी सांगितलेल्या 'शंका असेल तर' या नियमाचीच ती री होती. नाझी राजवटीत अनेक धर्मगुरू तुरुंगात होते. भीतीलाही कारण होते. पण समोरच्या माणसाला शंका नव्हती, खात्री होती. ज्याची खात्री पटली आहे त्याला शंकेखोरासाठी केलेला नियम लावणे, ही तर्काची चूक आहे आणि मेंढपाळाचीही. परिषदेने पुढे शिकवले की, विवेक हे माणसाचे अत्यंत आतले मंदिर आहे, तिथे तो देवाबरोबर एकटा असतो. या मंदिराच्या दारापर्यंत पाद्रीने जावे, दिवा दाखवावा. आत माणसाच्या वतीने उत्तर द्यायला त्याने जाऊ नये.

फेब्रुवारी १९४३ मध्ये दुसरे बोलावणे आले. १ मार्चला तो एन्स येथील छावणीत हजर झाला आणि आपण शस्त्र हातात घेणार नाही, असे त्याने सांगितले. जखमींची शुश्रूषा करायला मात्र तो तयार होता. ती विनंती मान्य झाली नाही. लिंझचा तुरुंग, मग बर्लिन. ६ जुलैला लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड दिला. काही दिवसांनी फ्रान्झिस्का आणि गावचे धर्मगुरू त्याला भेटायला बर्लिनला गेले. भेट वीस मिनिटांची. धर्मगुरूंनी अजूनही समजावून पाहिले. फ्रान्झिस्काने सुरुवातीला त्याचे मन वळवण्याचा प्रयत्न केला होता. पण सगळे त्याच्या विरुद्ध असताना आपणही विरुद्ध गेलो तर त्याला कोणी उरणार नाही, हे ओळखून ती त्याच्या बाजूने उभी राहिली. तुरुंगातील धर्मगुरूंनी त्याला एक बातमी दिली: वर्षभरापूर्वी फ्रान्झ राइनिश या धर्मगुरूंनाही हिटलरची शपथ नाकारल्यामुळे मारण्यात आले होते. ते ऐकून त्याला मोठा धीर आला. आपण वेडे नाही, एवढे त्याला कुणीतरी सांगायला हवे होते.

९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद करण्यात आला. वय ३६. थोरली मुलगी सहाव्या वर्षात होती, धाकटी तीन वर्षांची.

यानंतरची हकीगत कमी सांगितली जाते. गावात अनेकांनी दोष फ्रान्झिस्काला दिला. सैनिकांच्या विधवांना मिळणारे निवृत्तिवेतन तिला १९५० पर्यंत नाकारले गेले, कारण तिचा नवरा 'देशासाठी' मेला नव्हता. नांगर तिने स्वतः धरला. १९४६ मध्ये धर्मप्रांताच्या मासिकात फ्रान्झवर लेख छापण्यास बिशप फ्लीसर यांनी परवानगी दिली नाही. त्यांच्या मते कर्तव्य म्हणून लढून मेलेले कॅथॉलिक तरुण अधिक मोठे वीर होते. त्या घरांतील आयांचे दुःख मी कमी लेखत नाही. पण एका माणसाचे नाव घेतल्याने हजारो माणसांना प्रश्न विचारला जातो, म्हणून त्याचे नावच घ्यायचे नाही, ही सवय फक्त ऑस्ट्रियाची नाही.

मुंबईचे आर्चबिशप आणि परिषद

इथे आपला एक धागा जुळतो, तो बहुतेकांना माहीत नसेल. १९३७ ते १९५० या काळात मुंबईचे आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेज्वीट होते. आपली वसईची धर्मग्रामे त्या वेळी मुंबईच्याच महाधर्मप्रांतात होती. आपला वेगळा धर्मप्रांत १९९८ चा. स्वतंत्र भारताच्या ख्रिस्तसभेचा मेंढपाळ भारतीय असावा म्हणून रॉबर्ट्स बाजूला झाले आणि त्यांच्या जागी व्हॅलेरियन ग्रेशस आले, जे पुढे पहिले भारतीय कार्डिनल झाले. १९६४ मध्ये गॉर्डन झाह्न या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने फ्रान्झवर पुस्तक लिहिले आणि विस्मरणात गेलेली ही कथा जगापुढे आली. दुसऱ्या वर्षी, परिषदेत युद्ध आणि शांतीवर चर्चा चालू असताना, रॉबर्ट्स यांनी आपल्या निवेदनात याच शेतकऱ्याचे उदाहरण मांडले: ज्याला त्याच्या धर्मगुरूंनी आणि बिशपांनी साथ दिली नाही, अशा माणसाच्या बाजूने ख्रिस्तसभेने आता तरी बोलावे.

७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीर झालेल्या 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात (क्रमांक ७९) ते आले. विवेकामुळे शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद असावी, मात्र त्यांनी समाजाची सेवा अन्य मार्गाने करण्यास तयार असावे. त्याच क्रमांकात सैनिकांच्या सेवेचाही गौरव आहे. दोन्ही शेजारी शेजारी. जखमींची शुश्रूषा करू द्या, ही फ्रान्झची नाकारलेली विनंती बावीस वर्षांनी ख्रिस्तसभेच्या शिकवणीचा भाग झाली. जर्मन न्यायालयाने त्याची शिक्षा १९९७ मध्ये रद्द ठरवली. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझच्या कॅथीड्रलमध्ये त्याला धन्य घोषित करण्यात आले तेव्हा ९४ वर्षांची फ्रान्झिस्का समोर बसली होती. ती २०१३ मध्ये, शंभरी पूर्ण करून, वारली.

मग आपण काय करायचे? भारतात सैन्यभरती सक्तीची नाही. फ्रान्झसारखा प्रसंग आपल्यापैकी कुणावर येण्याची शक्यता कमी. पण त्या आगगाडीचे काय? ती अनेक वेळा आपल्या खिशातल्या फोनवरून धावते. मे २०२५ मध्ये जळत्या घरांची चित्रे, कुठल्यातरी खेळातील स्फोट खरा युद्धाचा म्हणून, आणि एका अख्ख्या समाजाला शिव्या, असे संदेश किती तरी जणांनी न वाचता पुढे पाठवले. जपमाळेच्या गटावरही ते आले. देशावर प्रेम करणे हा ख्रिस्ती माणसाचा धर्म आहे. कॅटेकिझम ते चौथ्या आज्ञेखाली शिकवते. खोटी साक्ष न देणे ही आठवी आज्ञा आहे. चौथीसाठी आठवी मोडायची परवानगी कुठेही दिलेली नाही.

आणि 'मार खात बसायचे का' असे विचारणाऱ्या तरुणांना: फ्रान्झ मार चुकवत बसला नाही. तो छावणीत स्वतःच्या पायांनी गेला, तोंडावर नाही म्हणाला आणि त्याची पूर्ण किंमत स्वतः मोजली, दुसऱ्याकडून वसूल केली नाही. दुसरा गाल पुढे करणे म्हणजे काय याचा याहून चांगला अर्थ मला अजून सापडलेला नाही. ज्यांना सैन्यात जायचे आहे त्यांनी जरूर जावे. जाताना एवढे ठाऊक असावे की, सैन्याचा कायदाही 'कायदेशीर' आज्ञा पाळायला सांगतो, आणि निरपराधांची कत्तल करण्याची आज्ञा पाळणारा 'मला वरून सांगितले होते' असे म्हणून देवापुढे सुटत नाही (कॅटेकिझम २३१३).

लघु ख्रिस्ती समूहांच्या या महिन्याच्या बैठकीत मत्तय ५:३८–४८ वाचावे. चर्चेसाठी एकच प्रश्न देतो: फ्रान्झ आपल्या धर्मग्रामात राहत असता, बोलावणे आलेल्या आठवड्यात त्याच्या घरी कोण गेले असते आणि काय सांगायला? उत्तर देताना फ्रान्झिस्का आणि तिन्ही मुली समोर बसल्या आहेत असे समजावे. धन्य फ्रान्झ यांचा सण २१ मे रोजी असतो, ज्या दिवशी त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या सायंकाळच्या मिस्सात आपल्या धर्मग्रामातून सैन्यात असलेल्या सर्वांसाठी प्रार्थना होईल. त्यांची नावे घरच्यांनी आदल्या रविवारपर्यंत कार्यालयात द्यावीत.

तुमचा,
धर्मगुरू